काळूकाठचा हरभरा

घाटावरच्या माणसाला कोकणात पाण्याच्या कामावर धाडावे, यासारखी थट्टा नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे मानाचा पाहुणा. तो आधी कुणाच्या बांधावर जाईल यावरून सख्ख्या भावांत बोलणे बंद होते. घाटाखाली तोच पाहुणा घरजावई होतो. चार महिने अंगावर बसलेला असतो आणि उठून गेला की कुणी त्याची चौकशीही करत नाही.

मी पाटबंधाऱ्यांच्या खात्यात कारकून आहे. जातीचा माळी, गाव नाशकापलीकडचे. परत आल्यापासून जो तो विचारतो, 'घाट उतरून गेला होतात, काय काय पाहिलेत?' मी म्हणतो, हरभरा पाहिला. लोक हसतात. हरभरा तर यांच्या परसात आहे! तेव्हा एकदा सगळे लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. गुडघ्यांनी मी आधीच बेजार आहे, त्यात तोंडाची दमणूक कशाला?

ठाणे

आगगाडीने घाट उतरलो त्याचे वर्णन करत नाही. बोगद्यात अंधार होता आणि डोळ्यात कोळशाची कणी गेली, एवढे पुरे. ठाण्यास उतरलो तो पौष महिना असून अंगाला घाम. आमच्याकडे या दिवसांत घोंगडी सुटत नाही. इथे अंगरखासुद्धा जड वाटू लागला. तलावाच्या काठी एका खानावळीत बिछाना टाकला. खानावळवाल्याने दोन्ही वेळा भात वाढला. भात हे खाणे वाईट नाही, पण घाटावरच्या पोटात ते टिकत नाही. हात धुवून ओटीवर येईपर्यंत भूक पुन्हा दारात उभी.

सकाळी खाडीकडे फेरी मारली. मिठाच्या आगरांत पांढरे ढीग लागले होते. आगरी बायामाणसे उघड्या पायांनी त्यात वावरत होती. भरतीचे पाणी नेमके केव्हा आत घ्यायचे, बांधाच्या आत किती कोंडायचे, कुठल्या कप्प्यातून कुठल्या कप्प्यात सोडायचे, हे सगळे त्यांचे चालता चालता, गप्पा मारता मारता चालले होते. बापजाद्यांपासून पाणी अडवून पोट भरणारी ही जात, आणि यांच्या भाऊबंदांना पाणी अडवण्याचे फायदे सांगायला सरकारने मला रेल्वेचे भाडे देऊन पाठवले होते. मी तिथूनच मागे फिरलो. उत्साह असा माझ्या अंगी मुळात थोडा, तो तिथेच निम्मा झाला.

कचेरीत साहेबाने बसायला सांगितले. साहेब इंग्रज, वयाने माझ्या थोरल्या मुलाएवढा. मराठी चांगले बोलायचा, पण घाईने. टिटवाळ्याजवळ काळू नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर खात्याने दगडी बंधारा बांधला होता. भात कापून झाल्यावर शेतकऱ्यांनी त्याच्या पाण्यावर दुसरे पीक घ्यावे, असा हेतू. बंधाऱ्याला फळ्यांची दारे, दारांपासून पाट, सगळे नीटनेटके.

"हा तिसरा हिवाळा," साहेब म्हणाला. "पाणी तुडुंब आहे, आणि सगळं वाया जाऊन खाडीत पडतं. गावात यंदा कुठं एकच शेतकरी ते घेतो. एकच! तुम्ही बंधाऱ्याच्या मुलखातले, तुमचं लोक ऐकतील. मी दौऱ्यावर येईपर्यंत तिथं राहा आणि पुढल्या सालासाठी आणखी शेतकरी तयार करा. नाहीतर दारं काढून जिथं लोकांना पाणी हवंय तिथं नेईन."

मी 'होय साहेब' म्हणालो. नोकरीत एवढे दोन शब्द नीट आले की बाकी विद्या लागत नाही.

कल्याण

कल्याणात धर्मशाळेत जागा मिळाली. शहर जुने आणि भरभराटीचे. तांदळाच्या वखारी, मुसलमान व्यापाऱ्यांचे नक्षीच्या खिडक्यांचे वाडे, आणि स्टेशनाजवळ गवत. गवताचा एवढा मोठा बाजार मी जन्मात पाहिला नव्हता. दाबून बांधलेल्या भाऱ्यांचे घराएवढे ढिगारे, आणि हमालांच्या अंगाखांद्यावर कुसळे. हे सगळे मुंबईच्या घोड्यांसाठी जाते. मला आमच्या बैलांची आठवण झाली. आपण मुंबईचे घोडे असतो तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले असते.

टिटवाळ्याला जाणारी गाडी दुपारी होती. ती गाठायच्या घाईत फलाटावर माझी शिदोरी एका गायीने हिसकून घेतली. फडके मी परत मिळवले. दशम्या गेल्या. गुरे इथे कशी बिनधास्त फिरतात, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

काळूचा काठ

टिटवाळ्याच्या गणपतीला हात जोडून पायी निघालो. कापलेल्या भाताची शेते दूरपर्यंत पिवळीकरडी पडलेली, आणि त्यांत गुरेच गुरे. गाई, म्हशी, वासरे, कुणाच्या गळ्यात दावे नाही, मागे राखणदार नाही. सगळ्या गावाची गुरे सगळ्या गावाच्या शेतांत. मला वाटले, काही सण असेल. आमच्याकडे दुसऱ्याच्या बांधावर शेळी दिसली तरी पंचायत बसते.

"पाण्याचा शेत कुटला?" असे मी त्यांच्यासारखे बोलायचा प्रयत्न करून एका बाईला विचारले. तिने बोलण्याचे कष्ट न घेता हनुवटीने दाखवले. एवढ्या करड्या रानात एकच हिरवा तुकडा होता, भोवती काटेरी झाडोऱ्याचे छातीएवढे कुंपण. त्या कुंपणाच्या आत पदू उभा होता.

पदू आगरी, पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, हसला की सगळे दात दिसणारा. त्याची बायको हिराबाय कुंपणाला नवे काटे लावत होती; तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडले होते. आत हरभरा गुडघ्याच्या वर आला होता, घाटे भरलेले, पानांवर आंबट दवाची आंब चढलेली. इतका उत्तम हरभरा मी आमच्या काळ्या जमिनीतही क्वचित पाहिला आहे. मी खाली बसलो आणि एक घाटा फोडून तोंडात टाकला. घर सोडल्यापासून पहिल्यांदा तोंडाला चव आली.

"कसा हाय दादा?" पदूने विचारले.

"पहिल्या प्रतीचा," मी म्हणालो, आणि ते खरे होते.

"बग गो, दादा काय बोलतान!" तो बायकोला म्हणाला. ती हसली नाही. "दादा एकटंच बोलतान," ती म्हणाली. "गावान कोन बोलत नाय."

हळूहळू सगळे कळले. त्या गावची रीत अशी की भात खळ्यावरून घरात आले की एका ठरल्या दिवशी पाटील आपल्या बैलाचे दावे सोडतो आणि मग घरोघर गुरे मोकळी होतात. दावी माळ्यावर जातात ती पुढल्या नांगरटीलाच खाली येतात. मधल्या दिवसांत शेत कुणा एकाचे राहत नाही, गवत उगवेल तिथे ज्याचे त्याचे जनावर जाते. ज्याला शेत नाही त्याचीही म्हैस यावर जगते. या दिवसांत जनावर बांधणे म्हणजे गावाशी वाकडे आहे असे सांगणे. आणि पदूला आपले बैल बांधावे लागले होते, कारण ते शेत त्यांच्या चांगल्या ओळखीचे. कुंपण मोडून सगळ्यांत आधी तेच आत शिरत. शिवाय त्याचे शेत होते नेमके माळ आणि नदीच्या मधे. कुंपण घातल्यापासून गावच्या गुरांना पाण्यावर जायला मोठा वळसा पडू लागला होता.

कुणी त्याला वाळीत टाकले नव्हते. नुसते बोलावणे थांबले होते. पण भाताची लावणी एकट्या घराची होत नाही. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, असे सगळे गाव मिळून करते. पुढल्या आषाढात पदूच्या शेतात कोण उतरणार, हे त्याला ठाऊक नव्हते. हरभरा चारदोन महिन्यांचा, भात वर्षाचे.

"मग हे केलंस कशाला?" मी विचारले.

"पानी बगितला दादा," तो म्हणाला. "फुकट चालला व्हता खारीत. मना बगवला नाय."

हे ऐकून तो मला माझ्या गावचा वाटला, आणि त्याची काळजी वाटू लागली. काळजी करणे हे काही माझे काम नव्हते.

पाराजवळ

गावच्या पाटलाचे नाव गोमा. पदूचा सख्खा चुलता. त्याने माझा मुक्काम आपल्या ओटीवर ठेवला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. भाकरी कापसासारखी मऊ; चटणीचा वास मात्र मला सोसेना. मी मासळी खात नाही असे सांगितल्यावर सगळ्या घराला माझ्या प्रकृतीची चिंता लागली. पाटलाच्या म्हाताऱ्या आईने मला आजारी समजून पेज दिली. पुढचे सगळे दिवस मी पेजेवर काढले, कारण गैरसमज दूर करण्यापेक्षा पेज पिणे सोपे होते.

गावदेवीच्या पाराशी लोक जमले. मी आमच्याकडची फडाची रीत सांगितली. बंधाऱ्याखालची सगळी जमीन एकत्र करून तिचे फड पाडायचे. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू. पाणी पाटकऱ्याने द्यायचे, कुणी आपल्या हाताने दार उघडायचे नाही. पीक सगळ्यांचे म्हणून राखणही सगळ्यांची. तुम्हीही पाटाखालची तेवढी शेते मिळून राखा, बाकीच्यांत गुरे सोडा. मी बरे बोललो असे मला वाटले. लोकांनी मनापासून ऐकले.

गोमा पाटील म्हणाला, "म्हंजी तुमी सगली मिलून पानी घेतास. आमी सगली मिलून गुरां सोरताव. रीत तं येकच झाली."

"एकच म्हणा ना," मी म्हणालो.

"मंग तुमचे गावान गुरां चरतान कुटं?"

"गोठ्यात असतात. कडबा घालतो."

मी मान वळवून गाव पाहिले. कुठल्याही घराशेजारी वैरणीची गंजी नव्हती. ज्वारी-बाजरीच नाही तर कडबा कुठला? भाताचा पेंढा होता तो पावसाळ्यात कोंडलेल्या गुरांना आणि घराच्या छपरांना लागणार.

"आनि डोंगरावरचा गवत?" मी विचारले.

"तो कल्यानला जातं," मागून कुणीतरी म्हणाले. "ठेकेदार कापून नेतं. मुंबयचे घोरे खातान."

सगळे हसले, आणि मीही हसलो. उठताना एका म्हाताऱ्याने मला धीर दिला, "तुमी वायट वाटून घेव नको. तुमी सांगलात ब्येस." इतके गोड नकार मी घाटावर ऐकले नाहीत. आमच्याकडे नकार देतात तो पुढच्या पिढीला लक्षात राहील असा.

त्यानंतर मी रोज घरोघर हिंडलो. कुणी पाठ फिरवली नाही. सगळ्यांनी पाटावर बसवले, पाणी दिले आणि शेताचे विचारले की म्हशीचे सांगितले. एकदा पाटाचे गळके तोंड बुजवायला गेलो आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. मला ओढून काढायला मात्र सगळे धावले. वहाण एकच निघाली, दुसरी अजून त्या पाटात आहे. त्यात मी दमलो, आणि खरे सांगायचे तर माझा माझ्या म्हणण्यावरचा विश्वासही दमला.

साहेबाचा दौरा

साहेब घोड्यावरून आला. हिरवा तुकडा दिसताच त्याचा चेहरा उजळला. तो कुंपणाआड जाऊन रोपांत उभा राहिला, घाटे मोजल्यासारखे करून पाहिले, पाटाच्या कडेने चालत जाऊन पाणी कुठे मुरते ते तपासले आणि परत येऊन पदूच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे गाव पाहत होते. पदूच्या चेहऱ्यावर असा काही आनंद दिसला की मला बरे वाटले. आपले पीक चांगले आहे हे चारचौघांत कुणी म्हणावे, एवढीच शेतकऱ्याची हौस असते.

मग साहेब गावाकडे वळून म्हणाला, "बाकीचे पाणी का घेत नाहीत ते मला कळलं. गुरांची भीती. ती भीती मी दूर करतो. पुढल्या हिवाळ्यापासून इथं कोंडवाडा होईल. पिकात शिरलेलं जनावर कोंडलं जाईल, दंड भरून सोडवावं लागेल. आणि कोंडवाड्याची किल्ली," त्याने पदूकडे हसून पाहिले, "या हुशार माणसाकडे राहील. त्याला सरकारातून पगार मिळेल."

साहेबाच्या मनात काही वाईट नव्हते. तो बक्षीसच देत होता. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, पगार राहू द्या. त्याला या गावात राहायचं आहे."

"म्हणूनच तर," साहेब म्हणाला आणि घोड्यावर चढला. त्याचा तळ टिटवाळ्याला होता.

लोक गेले. कुणी पदूला शिवी दिली नाही, कुणी त्याच्याकडे पाहिलेही नाही. गोमा पाटील मात्र जाता जाता थांबला. "तुजे बापाची म्हस पन कोंडशील काय रं?" एवढेच त्याने विचारले आणि उत्तराला न थांबता गेला.

पदू बराच वेळ बांधावर बसून राहिला. मीही शेजारी बसलो. ऊन कलायला लागले तशी गुरे माळावरून नदीकडे निघाली. पदू उठला आणि कुंपणाचे काटे हातांनी उपसू लागला. हिराबाय ओरडत धावत आली, "काय करतंस? येरा झालास काय?" त्याने हात थांबवले नाहीत. ती क्षणभर उभी राहिली, मग तीही दुसऱ्या बाजूने काटे ओढू लागली, आणि रडू लागली.

बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली. गुरे आली, आणि कुंपणापाशी वळून नेहमीच्या वळशाच्या वाटेला लागली. दोन महिने त्यांनी या कुंपणावर काठ्या खाल्ल्या होत्या. ती शहाणी झाली होती. पदू त्यांना हाका मारू लागला, "ये, ये, ये!" एकही जनावर फिरले नाही. तेव्हा त्याने खाली वाकून भरल्या घाट्यांची रोपे मुळासकट उपटली आणि ती मूठ धरून पाटलाच्या तांबड्या गाईच्या तोंडापाशी नेली. गाईने हुंगले, एक पाऊल मागे घेतले, मग खाल्ले. तो उपटत आणि चारत मागे मागे सरत गेला, आणि गाय त्याच्या मागून आत आली. मग बाकीची आली.

मला ते पाहवेना, पण मी पाहिले. एवढा हरभरा! माझ्या बापाने पाहिला असता तर त्याने पदूच्या कानाखाली लगावली असती आणि मग पोटाशी धरले असते. मला दोन्ही जमले नाही.

साहेबाला दुसऱ्या दिवशी मीच जाऊन सांगितले की पीक गुरांनी खाल्ले.

"कुणाच्या?" त्याने विचारले.

"सगळ्या गावाच्या, साहेब."

"आणि त्या माणसाची तक्रार?"

"त्याची काही तक्रार नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला अर्धे कळले असावे. माणूस मूर्ख नव्हता. तोही दमलेला दिसला, आणि पहिल्यांदाच मला त्याची कीव आली. "दारं काढा," तो म्हणाला. कोंडवाड्याचे नाव त्याने काढले नाही, मीही आठवण दिली नाही.

दारे काढायला सुतार आणि मजूर आले, तेव्हा सगळे गाव ओढ्यावर लोटले होते. फळ्या एकेक करून वर आल्या आणि तीन हिवाळ्यांचे पुण्य धडाधड खाली कोसळू लागले. वरचे तळे ओसरले तशी मासळी उड्या मारू लागली. बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरल्या, पुरुषांनी जाळी टाकली, आणि म्हाताऱ्यांनी काठावरून सल्ले द्यायला सुरुवात केली. पदू आणि हिराबाय जरा बाजूला उभी होती. मधल्या खोल पाण्यात जाळे एका बाजूने वाहून जायला लागले, तसा गोमा पाटील तिथून ओरडला, "पदू! बगतंस काय नुसता? धर ना त्या बाजून!"

पदू कपड्यांसकट पाण्यात गेला. त्याने जाळे धरले. कुणीतरी काही बोलले आणि तो मोठ्याने हसला, सगळे दात दाखवून. त्याचे काम झाले होते. आषाढात त्याच्या शेतात माणसे उतरणार होती.

मी मात्र पाठ फिरवून उभा राहिलो. एवढे अडवलेले गोडे पाणी कुणाच्याही कामी न येता खाडीकडे चालले होते, आणि इतक्या लोकांत रडणारा मी एकटाच होतो.